थोरल्याच्या नावाची फाईल

माजी सैनिकांचे कागद मागवून देण्याचं काम मी ठरवून सुरू केलेलं नाही. माझा नवरा फौजेत होता. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी मला आमचेच कागद शोधावे लागले, आणि त्याच वर्षी भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला. अर्धी फाईल जुन्या जिल्ह्यात, अर्धी गोंदियाला. दोन वर्षं मी कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस बदलत दोन्हीकडे फिरले. पेन्शन लागली तोवर कुठला कागद कुठल्या खोलीत असतो आणि कोणत्या शब्दांत मागितला की मिळतो, हे मला पाठ झालं होतं. मग तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात इतर फौजी येऊ लागले.

बहुतेकांचं काम एकाच प्रकारचं असे. अपंगत्वाची पेन्शन नाकारलेली असायची. अपील करायचं तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडून आपलेच वैद्यकीय कागद मागवावे लागत. माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यावर ते चार-पाच महिन्यांत येऊ लागले. पाकीट मी त्या माणसाला समोर बसवूनच फोडते. सरकारने आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे हे कुणालाच माहीत नसतं. एकाने स्वतःचा भरतीचा कागद वाचून विचारलं होतं, "माही छाती एवढी होती का वो?"

हा माणूस कायदा येऊन चारेक वर्षं झाल्यावर आला. केशोरीच्या पुढच्या एका गावचा, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला. त्याच्या पणज्याने गावच्या तलावाच्या पाळीला हात लावलेला, असं तो सांगायचा. वय कागदावर सदतीस-अडतीस, दिसायला कमी. शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावलेली होती: 'झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.' खाली शेजाऱ्याचा फोन नंबर. मला ते आवडलं. असा व्यवस्थित माणूस विरळा.

"नोकरी किती झाली?" मी विचारलं.

"नऊ वर्षं, ताई."

"म्हणजे साधी पेन्शन नाही."

"नाई ना. म्हून तर तुमच्याकडं येऊन राहिलो."

पहाडी रस्त्यावर त्यांची गाडी पलटली होती. डोक्याला मार लागला, बरा झाला, आणि सहा महिन्यांनी पहिला झटका आला. दोन वर्षांत घरी पाठवलं. नागपुरात एका फाटकावर चौकीदारी मिळाली, तिथे साहेबांच्या गाडीसमोरच पडला, ती गेली. शेत बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या खाली, पण पाण्याजवळ त्याला एकट्याला कुणी जाऊ देत नाही. चुलीजवळ नाही, झाडावर नाही, बैलांमागे नाही. बायको धानाच्या रोवणीला दुसऱ्यांच्या बांध्यांत जायची. गोळ्या कधी असायच्या, कधी नाही. अपंगत्वाची पेन्शन आणि तिच्याबरोबर मिळणारं लष्करी औषध एवढाच त्याच्यापुढे रस्ता होता. आणि नकाराच्या पत्रात लिहिलं होतं: आजार भरतीच्या आधीपासूनचा आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही.

मी अर्ज केला. पाकीट आलं तेव्हा पावसाळा लागला होता. इंग्रजीतले कागद मी त्याला मराठीत वाचून दाखवू लागले. भरतीच्या वेळची तपासणी: काही दोष नाही. अपघाताचा अहवाल: गाडी, जागा, डोक्याची जखम, सगळं स्पष्ट. मला आनंद झाला, केस मजबूत होती. मग मेडिकल बोर्डाचं पान आलं. वरच नोंद होती: आज सकाळी झटका येऊन गेला.

"रुग्ण स्वतः सांगतो की त्याला वयाच्या आठव्या वर्षापासून झटके येत. दहाव्या वर्षी झटक्यात बोडीत पडला. काकाने बाहेर काढले." त्यापुढे ओळ संपली होती. खाली याची सही.

"हे तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"लहानपणी झटके येत होते?"

"नाई. गाडी पलटली, त्याच्या आधी कधीच नाई."

"मग सांगितलं कायले?" मी वैतागून त्याच्याच बोलीत घसरले.

त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी नाव घेऊन विचारलं, ताई."

मला वाटलं, झटक्यांनी डोकं थोडं हललं असेल. असे रुग्ण कधी कधी नको ते बोलतात. त्याला घरी पाठवलं आणि लहानपणीचा पुरावा गोळा करायला घेतला. जन्माची नकल, शाळेचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र. लहानपणी आजार नव्हता हे दाखवलं की बोर्डाची ती ओळ पडते. एवढा साधा हिशोब होता.

जन्म-मरणाच्या जुन्या कोतवाल बुकांचे गठ्ठे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधून ठेवलेले असतात. तिथला बाबू गोंदिया शहरातला, हिंदीच बोलायचा. दोन दिवसांनी तो स्वतःच रस्ता ओलांडून दुकानात आला, हातात दोन कागद.

"मैडम, आपने जन्म मांगा था ना? मरण भी निकला. आपका आदमी तो कब का मर चुका है." आणि हसला.

"दुसरा कुणी असेल. त्या नावाची माणसं काय कमी आहेत?"

"बाप का नाम वही, गाँव वही. देख लो."

मी बघितलं. नाव तेच. बापाचं नाव तेच. वय वर्षं दहा. कारणाच्या रकान्यात कोतवालाने जाड टाकाने लिहिलं होतं: मिरगी येऊन बोडीत बुडाला.

मी बोर्डाचं पान काढून शेजारी ठेवलं. तिथे जी ओळ 'काकाने बाहेर काढले' इथे थांबली होती, तिचा शेवट इथे होता. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर माणसं होती, पंखा चालू होता. तरी मी उठून दुकानाचं मागचं दार लावलं. का लावलं, ते मला सांगता येणार नाही.

फोन केल्यावर तो दुसऱ्या दिवशी आला. मी नकल पुढे सरकवली. त्याने एकेक अक्षरावर बोट फिरवत ती वाचली आणि मान हलवली.

"हा मोठा," तो म्हणाला. "माहा भाऊ."

"आणि तुम्ही?"

"मी लहाना."

मग त्याने सांगितलं ते असं. थोरला आजारपणामुळे दहाव्या वर्षीही पहिलीतच होता. धाकट्याला कुणी शाळेत घातलंच नव्हतं, तो गुरं राखायचा. थोरला बुडाला. गावात एकच मास्तर, आणि पट आधीच कमी. एक नाव कापलं तर वरून शाळा बंद व्हायची भीती. मास्तर तेरवीला जेवायला आला तेव्हा बापाला म्हणाला, नाव पटावर आहेच, जागा रिकामी कायले ठेवता, लहान्याले बसवा. बापाला ते पटलं. आमच्या भागात असं बसवणं काही फार नवलाचं नव्हतं. मी पुढे चौकशी केली तेव्हा अशी आणखी उदाहरणं निघाली, पण ती बहुतेक जगलेल्या भावांची होती. एक शिकेना, दुसरा त्याच्या नावावर शिकला, एवढंच.

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गेलो," तो म्हणाला. "मास्तरानं हजेरी घेतली. त्याचं नाव आलं. सारे पोट्टे माह्याकडं पाहून राहिले. मी उठलो न 'हजर' म्हटलं. एकजन रडाले लागला. महिनाभर माह्या बाजूले कोनी बसलं नाई."

"आणि झटक्यांचं?"

"शाळेचे साहेब तपासनीले येत. मिरगीवाला पोरगा कोन, म्हून इचारत, कारन मास्तरानं आधी तसं लिहून ठेवलं होतं. मंग बापानं शिकवलं. बोडीच्या पाळीवर बसून रोज इचारे. झटके कधीपासून? आठव्या वर्षापासून. पान्यात कधी पडला? दहाव्या वर्षी. कोनं काढलं? काकानं. आता कसा आहेस? आता बरा आहो."

"म्हणून डॉक्टरला..."

"डॉक्टरनं ते नाव घेतलं. त्या नावानं इचारलं की मी त्याचंच सांगतो, ताई. मले दुसरं येतच नाई."

त्याच्या स्वतःच्या नावाचं काय, मी विचारलं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याने ते मला सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला, जणू दुसऱ्या कुणाचं गुपित फोडत होता. त्याच्या बायकोलाही ते माहीत नव्हतं.

माझ्यापुढची अडचण व्यवहाराची होती. खरं लिहावं, तर भरतीच्या वेळी दुसऱ्याचा दाखला दाखवला हे उघड होणार. पेन्शन राहिली बाजूला, उलट चौकशी लागणार. खरं लिहू नये, तर बोर्डाची ओळ तशीच उभी राहणार. मरणाची नकल मी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ठरवलं की आईचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं: 'माझ्या मुलाला लहानपणी कधीही झटके आले नाहीत.' हे त्याच्यापुरतं तर खरंच होतं. शाई लावायचं पॅड पिशवीत घातलं आणि त्यांच्या गावी गेले.

पितृपक्ष चालू होता हे मला तिथे पोचल्यावर आठवलं. भर दुपारची वेळ. बोडी घराच्या मागेच, पाणी काठोकाठ, आणि एवढं पाणी असून एकही बेडूक ओरडत नव्हता. त्याची आई अंगणात पळसाच्या पानावर भात, वडा, कढी वाढत होती. वय झालेलं, पण पाठ ताठ. सून शेतावर गेली होती. तो ओसरीत खाटेवर बसला होता.

"कोन वो?" तिने मान वर न करता विचारलं.

"वकिलीन नोहे," तो म्हणाला. "पेन्शनवाली ताई."

"बस माय. आधी त्याचं होऊ दे."

ती पान घेऊन गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर ठेवायला गेली. दोन पावलं मागे सरकली आणि तिने मोठ्याने नाव घेऊन हाक मारली, जेवायला बोलावतात तशी. ते नाव थोरल्याचं नव्हतं. दुकानात त्याने मला खालच्या आवाजात सांगितलेलं, ते होतं. ओसरीवर बसलेल्या माणसाचं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वळवली नाही. पापणीही हलली नाही. कावळा आला, वडा उचलून गेला. म्हातारीने समाधानाने हात झटकले.

"जिवंत माणसाच्या नावाने घास टाकता?" मी विचारलं. मला असले प्रश्न पोटात ठेवता येत नाहीत.

"मंग कोनाच्या टाकू?" ती फटकन म्हणाली. "मोठ्याचं नाव तर जित्ता पोरगा घेऊन फिरून राहिला. नौकरी त्या नावानं, बायको त्या नावानं. त्या नावानं घास टाकला तर याले लागन. जे नाव मोकळं आहे, त्या नावानं टाकतो. मेलेल्याले काही तर नाव पाहिजे ना वो."

"आणि त्याला पोचतो?"

"कावळा येते ना. दरसाल येते."

मी कागद काढला आणि वाचून दाखवला. पॅड उघडलं. म्हातारीने अंगठा मागे घेतला.

"कोनाच्या नावानं लिहिलं?"

"याच्याच."

"याच्या म्हंजे मोठ्याच्या. मोठ्याले झटके येत होते वो माय. मी माह्या हातानं त्याच्या दातात चमचा धरला. येत नव्हते म्हून शपथ कशी घेऊ?"

"पण याला येत नव्हते ना!"

"याले नव्हते. मंग याचं नाव लिही."

"याचं नाव लिहिलं तर पेन्शन मिळणार नाही."

"मंग तुहं तू पाह्य." आणि थोडं थांबून, शांतपणे, "याले झटके आले तवाच मले समजलं. तो आपलं नाव मांगून राहिला. पयलं डाव्या हाताचं बोट वाकते, मंग मान तिकडं जाते. अस्संच होतं त्याचं. अस्संच."

"मांगू दे," तो खाटेवरून म्हणाला. "मी काय नाई म्हनतो का?"

हे म्हणत असतानाच त्याचं डावं बोट वाकलं.

अशा वेळी काय करायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं होतंच. मी त्याला खाटेवरून उतरवून कुशीवर केलं, डोक्याखाली पिशवी दिली आणि घड्याळ पाहिलं. अडीच मिनिटं. लांबला असता तर गाडी बोलवायची होती, लांबला नाही. म्हातारी जवळ आली नाही. ती बोडीकडे तोंड करून उभी होती.

अंग सैल पडल्यावर ती वळली आणि तिने त्याचं स्वतःचं नाव घेऊन हाक मारली. दोनदा. काही नाही. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. मग तिने थोरल्याचं नाव घेतलं.

"हजर," तो म्हणाला. बारीक आवाजात, आठ-दहा वर्षांच्या पोरासारखा.

झटके येणारी माणसं मी पाहिली आहेत. शुद्धीवर येताना आवाज असाच पातळ लागतो, जिभेला जोर नसतो. मी हे तेव्हाही स्वतःला सांगितलं. तरी परतीच्या बसमध्ये माझ्या हाताला स्टँप पॅडची शाई लागलेली दिसली, आणि ती कधी लागली, हे मला आठवेना.

अंगठा मिळाला नाही. मी प्रतिज्ञापत्राचा नाद सोडला आणि अपील दुसऱ्या बाजूने लिहिलं. भरतीच्या वेळी डॉक्टरने तपासून दोष नाही असं लिहिलंय, अपघाताचा अहवाल आहे, झटके अपघातानंतरचे आहेत. बोर्डापुढचं स्वतःचं निवेदन? 'त्या वेळी अर्जदार झटक्यातून नुकताच सावरत होता आणि स्वतःबद्दल नीट सांगण्याच्या स्थितीत नव्हता.' हे वाक्य मी चार वेळा टाईप केलं. त्यात खोटा शब्द एकही नाही. मी मरणाची नकल जोडली नाही, हे मी केलं, आणि ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

सही करण्याआधी मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. "यावर सही केली की हे नाव कायमचं. नंतर बदलायचं म्हणाल तर कुणी ऐकणार नाही, मीसुद्धा नाही."

"लहान्याले कोन पेन्शन देते, ताई?" असं म्हणून त्याने सही केली. वळणदार, सरावाची सही, थोरल्याच्या नावाची.

निकाल यायला दोन वर्षं लागली. अपील मंजूर झालं, मागच्या काळासकट. मी स्वतः गावी जाऊन सांगितलं. सून रडली, आणि लगेच उठून चहा ठेवला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोनाले भेटली?"

सुनेला वाटलं, सासूला आता ऐकू कमी येतं.

त्यानंतर दर नोव्हेंबरला तो हयातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतो. पेन्शनवाला जिवंत आहे, असं दरवर्षी लिहून द्यावं लागतं. फॉर्म मी भरते, शिक्का समोरच्या कचेरीतला: अमुक, अमुकचा मुलगा, आज माझ्यासमोर हजर असून हयात आहे. ते नाव मी ज्या हाताने लिहिते, त्याच हाताकडच्या ड्रॉवरमध्ये त्याच नावाची मरणाची नकल आहे. दोन्हींवर सरकारी शिक्का. पहिल्या वर्षी पेन थोडं अडलं. आता अडत नाही.

गोळ्या नियमित झाल्यावर झटके कमी झाले. घरावर पत्रे आले. मधल्या एका उन्हाळ्यात म्हातारी गेली. त्या वर्षी फॉर्मवर सही झाल्यावर तो उठला नाही, तसाच बसून राहिला.

"ताई, एक काम होतं."

"बोला."

"माय होती तवा वर्षातून एकदा तरी माहं नाव कानावर पडे. घास टाकताना. आता कोनी घेत नाई. तुमाले ठाव आहे. घ्याल का एखाद डाव?"

मला ते विचित्र वाटलं, पण कामात कुठे आडवं येत नव्हतं. दुकानात कुणी नाही असं पाहून मी ते नाव मोठ्याने घेतलं. तो डोळे मिटून ऐकत होता. 'हो' म्हणाला नाही. मग नमस्कार करून गेला. तेव्हापासून तसंच चालू आहे. फॉर्म, सही, शिक्का, आणि शेवटी एकदा ते नाव. दोन मिनिटांचं काम.

गेल्या नोव्हेंबरला तो आला तेव्हा तब्येत चांगली होती. अंग भरलेलं, नवी चप्पल. फॉर्म झाला. घाई दिसली, शेवटची बस होती. तो दारापर्यंत गेला तेव्हा मला आठवलं, आणि मी मागून ते नाव घेतलं.

तो थांबला. दुकानात इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडेही बघितलं, आणि मग अगदी साध्या आवाजात मला विचारलं,

"कोन आलं, ताई?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो मस्करी करत नव्हता.

"कुणी नाही," मी म्हटलं. "बस सुटेल तुमची."